घर बघायला बाईला सोबत न्या

गेली काही वर्षे आमच्याकडे एक प्रश्न वारंवार येतो. वरळी, नायगाव, चेंबूर, घाटकोपर अशा भागांतली आपली माणसे विचारतात, "मुलगी नोकरीला लागली आहे, दहा बाय बाराची खोली आता पुरत नाही. उल्हासनगर, अंबरनाथ की बदलापूर, घर कुठे घ्यावे?" विचारणारा बहुतेक वेळा बाप असतो, नाहीतर भाऊ किंवा नवरा. स्क्वेअर फुटाचा भाव, बँकेचा हप्ता, गॅलरी, पार्किंग ही सगळी माहिती त्याला तोंडपाठ असते. आम्ही एवढेच विचारतो, "जिच्या पगारातून हप्ता जाणार आहे, ती काय म्हणते?" त्यावर उत्तर ठरलेले, "ती काय म्हणणार?" आजचा लेख या उत्तराविषयी आहे.

शहरे स्त्रियांसाठी किती चांगली आहेत याच्या याद्या हल्ली निघतात. ऑगस्ट २०२५ मध्ये 'नारी २०२५' नावाचा अहवाल प्रसिद्ध झाला. ३१ शहरांतील १२,७७० स्त्रियांना विचारून तो तयार केला होता. कोहिमा, विशाखापट्टणम, भुवनेश्वर ही शहरे त्यात वरच्या रांगेत होती आणि आपली मुंबईही त्यांच्यासोबत होती. वाचून बरे वाटले. पण मुंबईत काम करणाऱ्या हजारो बायका रात्री मुंबईत झोपत नाहीत. त्या कल्याणच्या पुढे उतरतात. त्यांचा दिवस मुंबईच्या यादीत जमा होतो आणि रात्र कुठल्याच यादीत येत नाही. तेव्हा आपल्या तीन गावांची यादी आपणच केली पाहिजे.

हा विषय फक्त पैशांचा आहे असे समजू नये. महामंगलसुत्तात तथागतांनी जी मंगले सांगितली, त्यांत योग्य ठिकाणी वास करणे हेही एक उत्तम मंगल म्हटले आहे. आपण दर कार्यक्रमात हे सुत्त म्हणतो, पण योग्य ठिकाण म्हणजे कोणते, यावर थांबून बोलत नाही. बाबासाहेबांनी आपल्याला खेडे सोडायला सांगितले, कारण खेड्यात आपली जात आपल्या आधी पोहोचत होती. शहरात पोट भरता येईल, शिकता येईल, मान वर करून चालता येईल, हा त्यामागचा विचार होता. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत त्यांनी सांगितले की समाजाची प्रगती ते त्या समाजातील स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतात. हेच माप घराला लावायचे. ज्या गावात आपली बाई मान वर करून जगेल ते आपल्यासाठी योग्य ठिकाण.

आता आपली तीन गावे पाहू.

उल्हासनगर हे विस्थापितांचे शहर. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्या बराकींत जागा दिली गेली. १९४९ साली गावाला उल्हासनगर हे नाव मिळाले, पण लोक अजून कॅम्प एक ते कॅम्प पाच असाच पत्ता सांगतात. कामाच्या शोधात आलेली आपली माणसेही इथे टेकड्यांवर आणि नाल्याकाठी वसली. अंबरनाथला इसवी सन १०६० चे शिलाहारकालीन शिवमंदिर आहे, पण गाव वाढले ते आयुध कारखाना, काडेपेटीचा कारखाना आणि एमआयडीसीमुळे. बदलापूरशी तर आपले जुने नाते आहे. १९२७ साली, महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर थोड्याच दिवसांत, बदलापूरच्या शिवजयंती उत्सवाचे अध्यक्षपद बाबासाहेबांनी भूषवले होते. त्या वेळचे ते छोटेसे गाव २००१ च्या जनगणनेत लाखाच्या आत होते आणि २०११ मध्ये पावणेदोन लाखांच्या घरात गेले. त्याच २०११ मध्ये अंबरनाथ अडीच लाखांचे आणि उल्हासनगर पाच लाखांचे होते. त्यानंतर किती इमारती उठल्या ते गाडीच्या खिडकीतून दिसतेच.

पहिला हिशेब वेळेचा

आम्ही कारकुनी करणारी माणसे. खतावणीत जमेची बाजू लिहिली की खर्चाची बाजू लिहिल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. बदलापूरला घर स्वस्त पडते ही जमा झाली. खर्च कोणता?

मुंबई सीएसएमटीपासून अंबरनाथ साधारण साठ किलोमीटर आणि बदलापूर अडुसष्ट. बदलापूरला राहून फोर्टात नोकरी करणाऱ्या बाईचा दिवस धरू. घर ते स्टेशन वीस मिनिटे, फलाटावर दहा, गाडीत दीड तास, उतरून कचेरीपर्यंत वीस मिनिटे. एका बाजूचे दोन तास वीस मिनिटे झाले, दोन्ही बाजूंचे चार तास चाळीस मिनिटे. वर्षाचे २८० कामाचे दिवस धरले तर हे सुमारे १,३०० तास होतात, म्हणजे चोपन्न दिवस आणि चोपन्न रात्री. आठ तासांची पाळी धरली तर एकशे त्रेसष्ट पाळ्या. ही बाई वर्षाला एकशे त्रेसष्ट पाळ्या बिनपगारी उभी राहून काढते आणि घरी आल्यावर पीठ मळायला बसते.

पुरुषही हाच प्रवास करतो, हे खरे. पण तो आला की चहा मागतो आणि ती आली की चहा ठेवते. हा फरक बिल्डरच्या पत्रकात लिहिलेला नसतो. म्हणून स्वस्त घराची किंमत कोण भरतो हे विचारायचे. उत्तर बहुतेक घरांत एकच येईल.

याच हिशेबात दुसरी बाब बघा. अंबरनाथ आणि बदलापूरहून सकाळी काही लोकल सुटतात, त्यामुळे तिथे बसायला जागा मिळण्याची आशा असते. उल्हासनगर आणि विठ्ठलवाडीला गाडी भरूनच येते, म्हणून तिथल्या कित्येक बायका आधी उलट दिशेने अंबरनाथ-बदलापूरला जातात आणि त्याच गाडीत बसून परत येतात. त्यावरून डब्यात भांडणे होतात. दोष बायकांचा नाही, गाड्या कमी आहेत. अंबरनाथ आणि बदलापूर यांत गाडीचा फरक फक्त दहा मिनिटांचा दिसतो, पण जाऊन-येऊन रोजची वीस मिनिटे झाली आणि वर्षाचे ९३ तास. उल्हासनगरला घर बघताना कोणता कॅम्प, आणि त्याला शहाड, विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ यांपैकी कोणते स्टेशन पायी जवळ, हे स्वतः चालून बघावे.

१९९२ साली मुंबईत फक्त बायकांसाठी लोकल सुरू झाली, तेव्हा मोठे कौतुक झाले होते. तीस वर्षांहून अधिक काळ लोटला, पण कल्याणच्या पुढे गर्दी वाढली त्या मानाने गाड्या वाढल्या नाहीत. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दोन गाड्यांच्या दारांत लटकलेले प्रवासी एकमेकांना घासून खाली पडले आणि माणसे मेली. त्यानंतर दारे बंद होणाऱ्या गाड्यांची चर्चा झाली. कल्याण ते बदलापूर तिसरी-चौथी मार्गिका मंजूर आहे, अंबरनाथ आणि बदलापूर यांच्यामध्ये चिखलोली स्टेशनही मंजूर आहे. पण मंजुरीचा कागद बघून घर घेऊ नये, धावती गाडी बघून घ्यावे.

दुसरा हिशेब गावातल्या कामाचा

सगळ्याच बायका मुंबईला जात नाहीत. मूल लहान असले, सासू अंथरुणाला खिळलेली असली, की चार तासांचा प्रवास जमत नाही आणि बाई गावातच काम शोधते. उल्हासनगरच्या कपड्यांच्या धंद्यात हजारो हात आहेत. जीन्स शिवणे, धागे कापणे, बटणे लावणे, घड्या घालणे ही कामे नगावर मिळतात. कित्येक बायका ती घरी आणून करतात. घरबसल्या काम म्हणून सोयीचे वाटते, पण मजुरीची पावती नाही, प्रॉव्हिडंट फंड नाही, कामगार विमा नाही. सरकारी कागदावर ती बाई गृहिणीच राहते. अंबरनाथ आणि बदलापूरच्या एमआयडीसीत पॅकिंगला बायका लागतात. तिथे निदान कारखान्याचे छप्पर आहे, पण मधे ठेकेदार असतो.

अशा नोकरीवर जाण्यापूर्वी तीन गोष्टी विचारायला शिका. पहिली गोष्ट म्हणजे हजेरीच्या वहीत माझे नाव कोणाच्या नावाखाली आहे, कंपनीच्या की ठेकेदाराच्या? दुसरी, दहा किंवा त्यापेक्षा जास्त माणसे कामाला असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती हवी, असा २०१३ चा कायदा आहे, ती समिती कुठे आहे? दहापेक्षा कमी माणसे असतील किंवा तुम्ही घरकाम करत असाल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. तिसरी, पन्नास किंवा जास्त माणसे असतील तर पाळणाघर हवे, हे २०१७ पासून कायद्यात आहे. बाळंतपणाच्या रजेसाठी बाबासाहेब १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात बोलले होते. जवळजवळ शंभर वर्षे झाली आणि आपल्या बायका आजही बाळ शेजारणीकडे टाकून पॅकिंगला जातात.

पाणी, हवा आणि दिवाबत्ती

पाणी भरणे हे आपल्याकडे अजून बाईचेच काम आहे, म्हणून पाण्याची वेळ हा बाईचा प्रश्न. अंबरनाथ-बदलापूरला महाराष्ट्र जीवन प्राधिकरण पाणी देते, उल्हासनगरला एमआयडीसीकडून येते. बारवी धरण बदलापूरच्या उशाशी असले तरी नव्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर पाणी चढते की नाही, हे धरणावरून कळत नाही. त्या इमारतीत आधीपासून राहणाऱ्या बाईला विचारा, पाणी किती वाजता येते आणि एप्रिल-मेमध्ये टँकर किती लागतात. तिच्याइतके खरे कोणी सांगणार नाही.

हवेचेही तसेच. वालधुनी नदी अंबरनाथच्या शिवमंदिराजवळून उल्हासनगरात येते आणि वाटेत रसायने पोटात घेते. नोव्हेंबर २०१४ मध्ये उल्हासनगरला या नदीत कोणीतरी चोरून रसायन सोडले आणि शेकडो रहिवाशांना श्वासाचा त्रास झाला. नाल्याकाठची खोली स्वस्त का मिळते, याचे उत्तर रात्री बाराच्या वाऱ्यात मिळते. बदलापूरची हवा मोकळी आहे, पण पश्चिमेला उल्हास नदीचा काठ आहे. २६ जुलै २००५ चा पूर आपण विसरलेलो नाही. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावे लागले, त्यांत नऊ गरोदर बाया होत्या. तळमजल्याचे घर घेण्यापूर्वी भिंतीवरची पाण्याची जुनी खूण शोधा.

दिवाबत्तीचे बघायचे तर घर बघायला रविवारी सकाळी अकराला जाऊ नका. रात्री नऊ पन्नासला स्टेशनवर उतरा आणि चालत जा. रिक्षा मिळते का, शेअर रिक्षात आणखी बाई असते का, दिवे लागलेले असतात का, वाटेत उघडे दुकान किती आहे, हे बाईच्या पायाने मोजा. स्टेशनवरच्या बायकांच्या मुतारीला कुलूप असते की नाही, हेही बघा. बोलायला लाज वाटते, पण पाणी न पिता प्रवास करणाऱ्या बायकांना पुढे मूत्रपिंडाचे दुखणे येते, ते बोलायला कोणी उरत नाही.

मुलींची शाळा

बदलापूरचे नाव घेताना ऑगस्ट २०२४ टाळता येणार नाही. एका शाळेत बालवर्गातल्या दोन मुलींवर अत्याचार झाला. तक्रार नोंदवायला दिरंगाई झाली म्हणून पुढे पोलिसांवर निलंबनाची कारवाई झाली आणि उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. पण त्याआधी २० ऑगस्टला माणसे रुळांवर उतरली आणि कित्येक तास गाड्या बंद राहिल्या. त्या गर्दीत बदलापूरच्या आया होत्या. त्यानंतर काही जणांनी आम्हाला सांगितले, बदलापूरला नकोच. आमचे म्हणणे वेगळे आहे. असा गुन्हा कोणत्याही गावात होऊ शकतो. गाव कसे आहे हे ठरते ते गुन्हा झाल्यावर माणसे कोणाच्या बाजूने उभी राहतात यावरून. बदलापूरच्या आया मुलींच्या बाजूने उभ्या राहिल्या. पोलीस ठाण्याच्या बाकावर मात्र मुलींच्या आईबापांना ताटकळावे लागले. दोन्ही गोष्टी लक्षात ठेवा.

शाळेत नाव घालताना फी विचारतो तसे हेही विचारावे, की लहान मुलींना स्वच्छतागृहात कोण नेते, बाई की पुरुष कर्मचारी? शाळेत सखी सावित्री समिती आहे का? कॅमेरे चालू आहेत का? आणि मूल काही सांगू लागले तर आधी त्याचे ऐका. गुन्हा कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो, हद्दीचे कारण सांगून परत पाठवता येत नाही. मुलांसाठी १०९८, बायकांसाठी १८१, रेल्वेत १३९ आणि कुठेही ११२, हे आकडे फ्रिजवर नाहीतर देव्हाऱ्याच्या जागी लावलेल्या बाबासाहेबांच्या फोटोखाली लिहून ठेवा.

दवाखान्याचा विचार केला तर उल्हासनगर उजवे ठरते. कॅम्प तीनचे मध्यवर्ती रुग्णालय गर्दीचे आहे, पण सरकारी आहे आणि बाळंतपणाला हाताशी आहे. अंबरनाथला २०२४ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, त्याचा लाभ पुढे मिळेल. बदलापूरला ग्रामीण रुग्णालय आहे, पण अवघड दुखणे असेल तर उल्हासनगर किंवा कळवा गाठावे लागते. घरात गरोदर बाई किंवा म्हातारी आई असेल तर हे अंतर आधी मोजा.

घर कोणाच्या नावावर?

आता कागदांकडे वळू. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. तीस लाखांच्या घरावर हे तीस हजार रुपये झाले. नवऱ्याचे नाव जोडले की ही सवलत जाते. पूर्वी असे घर पंधरा वर्षे पुरुषाला विकता येत नव्हते, ती अट २०२३ मध्ये काढली. तरीही आमच्या पाहण्यातल्या बहुतेक घरांवर नाव पुरुषाचे आणि हप्ता दोघांचा असे चित्र आहे. मुलीच्या पगारावर कर्ज, घर भावाच्या नावावर, आणि लग्नानंतर मुलगी पाहुणी, असेही आम्ही पाहिले आहे. हिंदू कोड बिल अडवले गेले म्हणून १९५१ साली बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले. मुलीला वारसाहक्क मिळावा हा त्यातला मोठा मुद्दा होता. घरात बाबासाहेबांचा फोटो लावायचा आणि घराच्या कागदावर मुलीचे नाव लावायचे नाही, हे बरे दिसत नाही.

कागदांत भोगवटा दाखला, महारेराचा क्रमांक आणि जमिनीचा सातबारा पाहिल्याशिवाय टोकन देऊ नका. उल्हासनगरला मे २०२१ मध्ये पंधरा दिवसांच्या आत दोन इमारतींचे स्लॅब कोसळले आणि माणसे दगावली. दुपारी इमारतीत कोण असते? बायका, म्हातारी आणि मुले.

भाड्याने घर बघणाऱ्या आपल्या मुलींना आणखी एक परीक्षा द्यावी लागते. आडनाव विचारतात. आडनावावरून कळले नाही तर गाव विचारतात, मग "तुम्ही मटण खाता का" विचारतात आणि शेवटी "खोली कालच गेली" म्हणतात. एकट्या मुलीला तर त्यावर "कोण कोण येणार" हेही विचारतात. नोकरदार स्त्रियांच्या वसतिगृहांची केंद्राची योजना १९७२-७३ पासून आहे, आता तिला सखी निवास म्हणतात. आपल्या तिन्ही गावांत नोकरदार मुलींची संख्या बघता अशी वसतिगृहे मागितली पाहिजेत. तोवर विहाराच्या फळ्यावर एक कोपरा ठेवा, आपल्या कोणाची खोली रिकामी आहे ते तिथे लिहा. घरमालक आपल्यातला असेल तर त्यानेही एकट्या मुलीला उलटतपासणी न करता खोली द्यावी. बाहेरच्यांचा भेदभाव आपल्याला दिसतो, आपलाही दिसला पाहिजे.

मग आमचे मत काय? मुंबई-ठाण्याला रोज जाणाऱ्या बाईसाठी आम्ही अंबरनाथ सुचवू, स्टेशनपासून पायी पंधरा मिनिटांच्या आत. गावातच शिवणकाम, दुकान, घरकाम करणाऱ्या बाईसाठी उल्हासनगर, कारण बाजार आणि दवाखाना हाताशी आहे, पण इमारतीचे कागद पाहून आणि नाला सोडून. जिची नोकरी कल्याण-अंबरनाथच्या पट्ट्यात आहे, किंवा जिचे काम घरूनच चालते, तिच्यासाठी बदलापूर, पण पुराच्या रेषेच्या वर. हे आमचे मत झाले. शेवटचा शब्द त्या बाईचा. तिला दोन वेळा न्या, एकदा सकाळच्या गर्दीत आणि एकदा रात्री. ती नाही म्हणाली तर कारण विचारा आणि ऐका. टोकन त्यानंतर.

आणि एकदा राहायला आलात की गाव तयार मिळाले असे समजून बसू नका. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांत अर्ध्या जागा बायकांना आहेत. वॉर्डातल्या नगरसेविकेला तिच्या नवऱ्यामार्फत नव्हे, थेट भेटा. येत्या पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर अर्धा तास थांबा. बंद दिवे किती, पाण्याची वेळ कोणती, स्टेशनवरची मुतारी उघडी की बंद, याचा एक कागद करा, पन्नास बायकांच्या सह्या घ्या आणि पोच घेऊन द्या. पोचेची झेरॉक्स जपून ठेवा, कारण पुढच्या वेळी तीच दाखवून विचारता येईल, "मागच्या अर्जाचे काय झाले?"

जयभीम!